मूलपेशी संशोधनातील नियामक प्रथिने : आशा आणि वास्तव

मूलपेशी अर्थात ‘स्टेम सेल’ हा शब्द आता वृत्तपत्रांतून आणि जाहिरातींतून घरोघरी पोहोचला आहे. दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णाचे आप्त साहजिकच विचारतात, “हे उपचार आमच्या माणसाला मिळतील काय?” या प्रश्नाला घाईने ‘होय’ म्हणणे जितके अनुचित, तितकेच ‘सारे थोतांड आहे’ असे म्हणणेही. या संशोधनातील एका साधनाची, म्हणजे प्रयोगशाळेत निर्माण केलेल्या नियामक प्रथिनांची, ओळख झाल्यास उत्तर शोधणे सुलभ होईल. याच हेतूने ही माहिती आमचे विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णपरिवार यांच्यापुढे ठेवीत आहोत.

नियामक प्रथिन म्हणजे काय?

त्वचेची पेशी आणि हृदयाची पेशी यांच्या केंद्रकांत जवळजवळ एकच जनुकसंच असतो. तरीही त्यांची कामे भिन्न असतात, कारण प्रत्येक पेशीत काही जनुके जागृत, तर काही निद्रिस्त असतात. डीएनएच्या ठरावीक भागाला जाऊन चिकटणारी आणि कोणते जनुक केव्हा जागे व्हावे हे ठरविणारी जी प्रथिने असतात, त्यांना ‘ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर’ म्हणतात. येथे आपण त्यांना नियामक प्रथिने म्हणू.

जपानमधील क्योतो विद्यापीठाचे डॉ. शिन्या यामानाका आणि त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ साली उंदराच्या परिपक्व पेशींत अशा चार प्रथिनांची जनुके घातली. ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक ही ती प्रथिने. त्यांच्या प्रभावाने काही पेशी आपली ओळख विसरून मूलपेशींसारख्या झाल्या. २००७ साली मानवी पेशींतही हे साध्य झाले. या कार्यासाठी डॉ. यामानाका यांना सर जॉन गर्डन यांच्यासमवेत २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जनुकाऐवजी प्रथिनच का?

या पद्धतीत एक धोका होता. जनुके पेशीत नेण्यासाठी विषाणूंचा वापर होई आणि ती जनुके पेशीच्या गुणसूत्रांत कायमची रुजत. त्यांतील सी-मिक हे जनुक कर्करोगाशी निगडित आहे. २००७ साली यामानाका यांच्याच गटाने नमूद केले की, अशा पेशींपासून जन्मलेल्या उंदरांच्या संततीपैकी सुमारे २० टक्के उंदरांत हे जनुक पुन्हा जागे होऊन गाठी उद्भवल्या. रुग्णाच्या शरीरात अशा पेशी सोडणे कोणत्याही डॉक्टरास मान्य होणार नाही.

तेव्हा विचार पुढे आला, की जनुक न घालता त्यापासून बनणारे प्रथिनच पेशीस द्यावे. प्रथिन आपले काम करते, काही काळाने विघटित होते आणि गुणसूत्रांत मागे काही उरत नाही.

असे प्रथिन करण्याची रीत आपणांस अपरिचित नाही. मधुमेही रुग्ण घेतात ते मानवी इन्सुलिन १९८२ पासून याच मार्गाने बाजारात आले. मानवी जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालायचे, जिवाणूंची वाढ करायची आणि त्यांनी तयार केलेले प्रथिन शुद्ध करून घ्यायचे. अशा प्रथिनास ‘रिकॉम्बिनंट’ प्रथिन म्हणतात. मात्र दोहोंत एक मोठा फरक आहे. इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरूनच आपला संदेश देते. नियामक प्रथिनास मात्र पेशीचे आवरण ओलांडून थेट केंद्रकापर्यंत जावे लागते. त्यासाठी त्याला आर्जिनिन या अमिनो आम्लाची छोटी साखळी जोडतात. तिचा धन विद्युतभार पेशीच्या ऋणभारित आवरणाकडे ओढला जातो आणि प्रथिनास आत शिरता येते.

अमेरिकेतील डॉ. शेंग डिंग यांच्या गटाने २००९ साली ही युक्ती यशस्वी केली. उंदराच्या पेशींना ही चार प्रथिने पुन्हा पुन्हा दिली आणि जोडीला व्हॅल्प्रोइक आम्ल वापरले. तरीही ५०,००० पेशींमागे मूलपेशींच्या जेमतेम तीन वसाहती मिळाल्या. पुढे विषाणूविरहित डीएनए वर्तुळे, आरएनए आणि गुणसूत्रांत न शिरणारा सेंडाई विषाणू या अधिक फलदायी पद्धती आल्या. नियामक प्रथिने आजही संशोधनास उपयुक्त आहेत. परंतु ती प्रयोगशाळेतील साधने आहेत, रुग्णाला टोचावयाचे औषध नव्हे.

रुग्णशय्येपर्यंतचा प्रवास

२०१४ साली जपानमधील कोबे येथे डॉ. मासायो ताकाहाशी यांच्या चमूने एका वृद्ध महिलेच्या स्वतःच्या त्वचेपासून केलेल्या दृष्टिपटलाच्या पेशी तिच्या डोळ्यात बसविल्या. तिची दृष्टी सुधारली नाही, पण अधिक खालावलीही नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळताच ते प्रत्यारोपण थांबविण्यात आले. शास्त्राची खरी प्रतिष्ठा अशा थांबण्यातही असते.

आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली मूलपेशी संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. अन्य वापर केवळ मंजुरीप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून शुल्क आकारणे योग्य नाही.

म्हणून रुग्णाच्या आप्तांना आमची कळकळीची विनंती आहे, की दागिने गहाण टाकण्यापूर्वी किंवा जमीन विकण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. हा मान्य उपचार आहे की चाचणी? चाचणी असल्यास राष्ट्रीय नोंदवहीतील तिचा क्रमांक कोणता? नैतिकता समितीची संमती आहे काय? आणि चाचणी असूनही पैसे कशासाठी मागितले जात आहेत? उत्तरे लेखी मागावीत आणि ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावीत.

देणगीदारांनाही एवढेच सांगावेसे वाटते, की या क्षेत्रातील प्रगती संथ असते आणि तशीच ती असावयास हवी. एखाद्या प्रथिनाचा रेणू शुद्ध करण्यात खर्ची पडलेली वर्षे उद्याच्या रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीच असतात. आजच्या रुग्णाला त्या वर्षांची वाट पाहणे कठीण जाते, हे आम्ही जाणतो. त्याची सेवा, वेदनाशमन आणि त्यास सत्य माहिती देणे ही मात्र आज, याच क्षणी करता येण्याजोगी कर्तव्ये आहेत.