समान वाट्याचे बेट

एखादे गाव मुळासकट उचलून परक्या देशात नेऊन ठेवले, तर ते गाव राहील काय? माणसे तीच, नावे तीच, नातीगोती तीच. फक्त पायाखालची जमीन वेगळी. असा प्रसंग कोणावर सहसा ओढवत नाही, म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपण तर्कानेच देतो. परंतु जगाच्या एका टोकाला असलेल्या एका लहानशा बेटावर तो प्रसंग खरोखरच ओढवला, आणि तेथील लोकांनी त्याचे उत्तर १९६२ साली मतदान करून दिले. त्या बेटाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या बेटाचे नाव ट्रिस्टन द कुन्हा. ते दक्षिण अटलांटिक महासागरात आहे. केप टाउन तेथून सुमारे २,८०० किलोमीटर दूर, आणि वस्ती असलेले जवळचे बेट सेंट हेलेना, तेही सुमारे २,४०० किलोमीटरांवर. मध्यभागी दोन हजार मीटरांहून उंच असा ज्वालामुखी पर्वत. त्याच्या पायथ्याशी एका अरुंद पट्टीवर एकुलते एक गाव. तेथे विमानतळ नाही. केप टाउनहून निघालेले जहाज सुमारे आठवडाभराने पोहोचते, आणि समुद्र खवळलेला असला तर किनारा समोर दिसत असूनही उतारूंना वाट पाहत बसावे लागते.

नावाचा धागा आपल्यापर्यंत

हे नाव आपल्या कानांस सर्वस्वी अपरिचित नाही. त्रिस्ताव द कुन्हा हा पोर्तुगीज दर्यावर्दी १५०६ साली हिंदुस्थानाकडे येत असता त्याला हे बेट दिसले. त्याच्याच ताफ्यात आफोन्सो द आल्बुकेर्क होता. पुढे १५१० साली गोवा जिंकणारा तो हाच. १५१४ साली पोर्तुगालच्या राजाने पोप दहावे लिओ यांजकडे थाटाचे शिष्टमंडळ पाठविले, त्याचा प्रमुख हाच त्रिस्ताव होता, आणि त्याने नेलेल्या नजराण्यात हिंदुस्थानातील एक हत्तीही होता. त्याचा पुत्र नुनो द कुन्हा पुढे येथील गव्हर्नर झाला. त्याच्याच कारकिर्दीत १५३० साली राजधानी कोचीनहून गोव्यास आली आणि १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. पित्याचे नाव एका निर्जन बेटाला मिळाले, आणि पुत्राचे नाव आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात राहिले.

तिघांचा करारनामा

त्या बेटावर कायमची वस्ती होण्यास मात्र आणखी तीनशे वर्षे लागली. नेपोलियनला सेंट हेलेनावर बंदिवान करून ठेविले होते. त्याच्या सुटकेस कोणी या बेटाचा उपयोग करू नये म्हणून इंग्रजांनी १८१६ साली येथे सैन्याची एक तुकडी ठेवली. पुढल्याच वर्षी ती परत गेली. परंतु स्कॉटलंडचा विल्यम ग्लास हा नाईक आपली पत्नी व मुले यांच्यासह मागे राहिला, आणि त्याजबरोबर दोघे गवंडी राहिले.

या तिघांनी ७ नोव्हेंबर १८१७ रोजी एक करारनामा केला. गुरेढोरे व सामानसुमान यांत सर्वांचा वाटा सारखा. नफा होईल तो सारखा वाटावयाचा. खर्च येईल तो सर्वांनी सारखा सोसावयाचा. आणि एकोपा टिकावा म्हणून कोणीही दुसऱ्यावर वरचढपणा करावयाचा नाही, सर्वांनी सर्व बाबतींत समान राहावयाचे. राजेरजवाड्यांच्या त्या काळात हे कलम एका साध्या नाइकाने आणि दोघा गवंड्यांनी लिहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे माणसे वाढली, कागद बदलले. पण त्या कलमाचा आत्मा बेटाच्या अंगवळणी पडला.

हळूहळू तेथे निरनिराळ्या देशांची माणसे येऊन मिळाली. त्यांपैकी कित्येक फुटलेल्या गलबतांतून वाचलेली होती. १८२७ साली पाच ब्रह्मचाऱ्यांसाठी सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आल्या आणि पाच संसार उभे राहिले. १८९२ साली एक इटालियन जहाज बुडाले, त्यातील रेपेत्तो व लावारेल्लो हे दोघे येथेच स्थायिक झाले. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हॅगन, रेपेत्तो आणि लावारेल्लो अशा सात आडनावांत पुढे सारे बेट सामावले. १९०८ साली आयर्लंडच्या दोघी सख्ख्या बहिणी बेटावरच्या आपल्या नवऱ्यांसह येथे आल्या. त्या कॅथलिक होत्या. धर्मगुरू नाही, मंदिर नाही, अशा स्थितीत त्यांपैकी अ‍ॅग्नेस रॉजर्स यांनी आपल्या घरातच प्रार्थना चालू ठेविली. आज त्या गावात अँग्लिकन मंदिराबरोबरच संत योसेफाच्या नावाचे कॅथलिक मंदिरही आहे. श्रद्धेचे बी एका घरात जपले तरी ते कसे रुजते, याचा हा दाखला होय.

कष्टांतून घडलेली संस्कृती

या लोकांचे जीवन सुखाचे होते असे मात्र कोणी समजू नये. १८८५ साली अन्नधान्याची ददात पडली असता, जवळून जाणाऱ्या जहाजाशी देवघेव करण्यासाठी पंधरा पुरुष होडीतून गेले. ते परत आले नाहीत. त्या एका दिवसाने गावातील बहुतेक घरे कर्त्या पुरुषाविना झाली. तरीही गाव मोडले नाही. विधवांच्या शेतात शेजाऱ्यांनी कष्ट केले आणि मुले वाढली.

आपल्या कोकणपट्टीत जिला सावड म्हणतात, ती तेथील जीवनाचा कणाच आहे. गावापासून सुमारे तीन किलोमीटरांवर दगडी गडग्यांनी वेढलेले बटाट्यांचे लहान लहान मळे आहेत. तेथे लावणी आणि काढणी एकमेकांच्या मदतीने होई. पैशाचे चलन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नव्हतेच. बटाटे हेच मोल. लाकडी सांगाड्यावर जाड कापड ताणून त्यांनी स्वतःच्या लांब होड्या बनविल्या. त्या घेऊन ते शेजारच्या नाइटिंगेल बेटावर पक्ष्यांची अंडी, चरबी व खत आणावयास जात. अशी होडी एकट्याला ना बांधता येते, ना हाकता येते. बायका मेंढ्यांची लोकर पिंजून, कातून विणीत. तरुणीने विणलेल्या पायमोज्यांवर रंगीत पट्टे किती आहेत, यावरून तिच्या मनातील आपुलकी ओळखावी, अशीही गोड रीत होती. आणि ३१ डिसेंबरच्या रात्री मुखवटे चढवून, चित्रविचित्र वेष करून पुरुषमंडळी घरोघर हिंडतात व बायकामुलांना भिववितात, ही चाल आजही चालू आहे.

आगीने केलेली परीक्षा

१९६१ च्या ऑगस्टपासून बेटाला धक्के बसू लागले. ऑक्टोबरच्या प्रारंभी गावाच्या लगतच जमीन फुगून फाटली. लोकांनी एक रात्र बटाट्यांच्या मळ्यांतील खोपटांत काढली. १० ऑक्टोबर रोजी अडीचशेहून अधिक रहिवाशांनी होड्यांतून बेट सोडले. एका डच जहाजाने त्यांना केप टाउनला नेले आणि ३ नोव्हेंबरला ते इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरात उतरले. प्रथम सरे परगण्यातील एका छावणीत आणि नंतर समुद्रकाठच्या कॅलशॉट येथे त्यांना घरे मिळाली. पुरुषांना नोकऱ्या लागल्या, मुलांना शाळा मिळाली. विजेचे दिवे, दूरचित्रवाणी, दुकाने, दवाखाना असे सारे काही होते. अनेकांना वाटले की, आता हे लोक त्या उजाड खडकाकडे पुन्हा पाहणारही नाहीत.

पण तसे झाले नाही. पहिल्याच हिवाळ्यात इंग्लंडच्या थंडीने व रोगांनी काही वृद्ध दगावले. त्याहूनही एक खोल दुःख होते. घरे होती, पण गाव नव्हते. प्रत्येक जण आपापल्या कामावर जाई, आपापला पगार घेई. कोणी कोणाच्या होडीला हात लावावा, अशी होडीच उरली नव्हती. बेटावर जो माणूस सर्वांच्या बरोबरीचा होता, तो येथे दयेने सांभाळलेला निर्वासित ठरला. दरम्यान शास्त्रज्ञांनी बेटावर जाऊन पाहणी केली. लाव्हारसाखाली उतरण्याचे किनारे आणि शेवंडी डब्यांत भरण्याचा कारखाना गाडला गेला होता, पण गाव बहुतांशी वाचले होते.

१९६२ च्या डिसेंबरात मते घेण्यात आली. परत जावे म्हणणारे १४८. न जावे म्हणणारे ५. पुढल्या वर्षी दोन तुकड्यांनी ते घरी पोहोचले. दुसरी व मोठी तुकडी १० नोव्हेंबर १९६३ रोजी किनाऱ्याला लागली.

ते परतले म्हणून सारे पूर्ववत झाले, असे सांगणे सत्याला सोडून होईल. बाहेरचे जग पाहिलेल्यांपैकी काही कुटुंबे १९६६ साली पुन्हा इंग्लंडला गेली. शेवंडीच्या व्यापाराने पगार आणि पैसा आला. १९६७ साली बांधलेल्या धक्क्याला त्यांनी कॅलशॉट हेच नाव दिले. परक्यांनी दिलेल्या आसऱ्याची आठवण त्यांनी अशी कृतज्ञतेने ठेविली. आज बेटाची वस्ती अडीचशेहून कमी आहे. तरुण शिक्षणासाठी बाहेर जातात, आणि वृद्धांची संख्या वाढत आहे. ही चिंता खरी आहे. तरीही जमीन आजही सर्वांची सामाईक आहे. बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही. एकाने सारे कुरण बळकावू नये म्हणून कोणत्या घराने किती जनावरे पाळावीत, यालाही मर्यादा आहे. २०२० साली या लोकांनी आपल्या भोवतालचा सुमारे ६ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर समुद्र राखीव करण्याचे ठरविले. इतक्या थोड्या माणसांनी इतक्या मोठ्या सागराची राखण पत्करावी, हे १८१७ च्या त्या करारनाम्याला साजेसेच आहे.

आमच्या मते या हकीकतीचे सार हे की, मायभूमी केवळ मातीत नसते. माणसे एकमेकांशी ज्या रीतीने वागतात, त्या रीतीत ती असते. आणि त्या रीतीला राहण्यासाठी जागा लागते, म्हणून मातीही हवी असते. मुंबईस पोटासाठी गेलेल्या गोवेकरांनी आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ उभारले, तेही याच जाणिवेने. आपल्याही घरांतून मुले दूर देशी जात आहेत. ती जावोत, त्यांचे कल्याण होवो. परंतु ती कधी परतली, तर त्यांना केवळ बंद घरे व कुलपे दिसू नयेत. शेजाऱ्याच्या शेतात उतरणारा हात आणि सर्वांना सारखा लेखणारा समाज त्यांस येथे भेटावा. तो जतन करणे हे मागे राहिलेल्यांचे, म्हणजे आपले, काम आहे.