प्रमाणपत्राआधीचे अंदाजपत्रक

शाळेतून बाहेर पडलेले आपले विद्यार्थी आज पदवी घेऊन नोकरीच्या दाराशी उभे आहेत. माहिती तंत्रज्ञान, बांधकाम, आरोग्य, ग्रामविकास या सर्वच क्षेत्रांत हल्ली ‘प्रोजेक्ट’ हा शब्द कानी पडतो आणि त्याबरोबर ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे सर्टिफिकेट कर’ हा सल्लाही मिळतो. सल्ला चुकीचा नाही. परंतु तो देणारा खर्चाचा हिशेब क्वचितच मांडतो. ज्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी आहे, तेथे तीस-चाळीस हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. म्हणून अशा प्रमाणपत्रासाठी पैसा किती लागतो, कोठे लागतो आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्रमाने खर्चावा, याचे विवेचन येथे केले आहे.

प्रकल्प म्हणजे काय?

ज्या कामाला आरंभ आणि शेवट ठरलेला असतो व ज्यातून काही नवे निर्माण व्हायचे असते, ते काम म्हणजे प्रकल्प. वसतिगृहाचे रोजचे भोजनगृह चालविणे हा प्रकल्प नव्हे. वसतिगृहाची नवी इमारत उभारणे हा प्रकल्प होय. आपल्या हाती असलेली ही स्मरणिकासुद्धा एक प्रकल्पच आहे. काम, वेळ, पैसा, माणसे आणि संभाव्य अडचणी यांचा मेळ घालून असे काम तडीस नेण्याचे शास्त्र म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन.

या क्षेत्रात अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही 1969 साली स्थापन झालेली संस्था जगभर ओळखली जाते. तिला पीएमआय असे म्हणतात. तिचे पीएमपी हे प्रमाणपत्र अनुभवी व्यवस्थापकांसाठी आहे. त्याला काही वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नवशिक्यांसाठी तिचे सीएपीएम, म्हणजे सर्टिफाइड असोसिएट इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट, हे प्रमाणपत्र आहे. त्यास अनुभवाची अट नाही. उच्च माध्यमिक शिक्षण आणि प्रकल्प व्यवस्थापनाचे 23 तासांचे प्रशिक्षण एवढे पुरते. परीक्षेत 150 प्रश्न आणि तीन तास असतात. परीक्षा मराठीत होत नाही. आपल्या मुलांना ती इंग्रजीतच द्यावी लागते.

खर्च करण्यापूर्वीचा प्रश्न

हे प्रमाणपत्र नोकरीची हमी देत नाही, हे पालकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. उमेदवाराला या विषयाची परिभाषा आणि पद्धती ठाऊक आहेत, एवढेच ते सांगते. त्यामुळे एक साधी कसोटी लावावी. आपल्या क्षेत्रातील नवोदितांसाठीच्या नोकऱ्यांच्या वीस जाहिराती वाचाव्यात आणि त्यांपैकी किती जाहिरातींत या प्रमाणपत्राचा किंवा प्रकल्प समन्वयाच्या कामाचा उल्लेख आहे, ते मोजावे. पाच-सहा ठिकाणी उल्लेख आढळला तर पुढे जाण्यात अर्थ आहे. एकाही ठिकाणी न आढळल्यास तोच पैसा इंग्रजी संभाषण, एक्सेल किंवा क्षेत्रातील अन्य कौशल्य यांवर खर्च करणे शहाणपणाचे ठरेल. या कसोटीला एक रुपयाही लागत नाही.

खर्चाच्या बाबी

पीएमआयचे शुल्क डॉलरमध्ये जाहीर होते. सीएपीएम परीक्षेचा अनेक वर्षे प्रचलित असलेला दर सभासदांना 225 डॉलर व इतरांना 300 डॉलर असा आहे. दर बदलतात व देशानुसार निराळेही असू शकतात. म्हणून अर्ज करताना भारत हा देश निवडल्यावर जो आकडा दिसेल, तोच अंतिम मानावा. खालील मांडणी पद्धत समजावी एवढ्यासाठी आहे. हिशेबाच्या सोयीसाठी एक डॉलर म्हणजे 90 रुपये धरले आहेत.

सभासद व्हावे की नाही, हा पहिला निर्णय. सभासदाची परीक्षेत 75 डॉलरची बचत होते. परंतु सर्वसाधारण सभासदत्वाचे वार्षिक शुल्कच शंभर डॉलरहून अधिक असते. केवळ परीक्षेसाठी ते घेणे परवडत नाही. विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे. विद्यार्थी सभासदत्व अनेक वर्षे 32 डॉलरला मिळत आले आहे. 32 आणि 225 मिळून 257 डॉलर होतात, म्हणजे 300 पेक्षा 43 डॉलर कमी. आपल्या चलनात 3,870 रुपयांची बचत. शिवाय या विषयाचा मूळ संदर्भग्रंथ सभासदांना संगणकावर वाचण्यासाठी विनामूल्य मिळतो. म्हणून महाविद्यालयात नाव असतानाच हे प्रमाणपत्र करणे स्वस्त पडते. सभासदत्व मात्र परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी घ्यावे. नंतर घेतल्यास त्या सवलतीचा लाभ हुकतो.

विद्यार्थी उमेदवाराचे अंदाजपत्रक साधारण असे होईल :

• विद्यार्थी सभासदत्व : 2,880 रुपये
• परीक्षा शुल्क : 20,250 रुपये
• वरील दोहोंवर 18 टक्के जीएसटी, अंदाजे : 4,170 रुपये
• परकीय चलनातील व्यवहारासाठी बँकेची आकारणी, सुमारे 3 टक्के : 820 रुपये
• 23 तासांचे प्रशिक्षण : 3,000 रुपये
• पुस्तक व सराव प्रश्नसंच : 2,000 रुपये
• परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास व मुक्काम : 2,000 रुपये
• पासपोर्ट नसल्यास तो काढण्याचे शुल्क : 1,500 रुपये

एकूण : 36,620 रुपये.

यांतील प्रशिक्षण, पुस्तके व प्रवास हे आकडे आपण धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावाप्रमाणे व गरजेप्रमाणे ते बदलावेत.

प्रशिक्षणाच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते. काही खाजगी वर्ग सर्व काही मिळून मोठी रक्कम सांगतात आणि तिच्यातील परीक्षेचे शुल्क किती, शिकवणी किती, हे स्पष्ट करत नाहीत. 23 तासांची अट घरी बसून, इंटरनेटवरील अल्पखर्चाच्या अभ्यासक्रमातूनही पूर्ण होते. कोर्सेरावरील गूगलचा प्रकल्प व्यवस्थापन अभ्यासक्रम या अटीसाठी चालतो आणि गरजू विद्यार्थ्याला तेथे आर्थिक साहाय्यासाठी अर्जही करता येतो. आयआयटींच्या प्राध्यापकांची या विषयावरील व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य ऐकता येतात. अभ्यासक्रम कोणताही असो, तो पूर्ण केल्याचे तासांसह प्रमाणपत्र जपून ठेवावे. पीएमआय काही अर्ज पडताळणीसाठी निवडते, तेव्हा ते सादर करावे लागते. परीक्षेचे शुल्क उमेदवाराने स्वतःच्या खात्यातून पीएमआयकडेच भरावे, दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

न दिसणारे खर्च

परीक्षा घरूनही देता येते. त्यासाठी कॅमेरा असलेला संगणक, अखंड इंटरनेट आणि तीन तास कोणीही आत येणार नाही अशी स्वतंत्र खोली लागते. दोन खोल्यांच्या घरात, वीज जाण्याची शक्यता असताना, हा धोका पत्करू नये. प्रवासाचे दोन हजार रुपये खर्चून मुंबई-पुण्यासारख्या शहरातील केंद्रावर जाणे अधिक सुरक्षित.

ओळखपत्रावरील नाव हीही खर्चाचीच बाब आहे. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असते. अर्जातील नाव आणि केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्रावरील नाव जुळले नाही, तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो आणि शुल्क वाया जाते. अर्ज भरतानाच ओळखपत्र समोर ठेवावे.

तारीख बदलण्यालाही मोल आहे. परीक्षेला तीस दिवसांपेक्षा कमी अवधी उरल्यावर तारीख बदलल्यास 70 डॉलर पडतात. अगदी अखेरच्या दोन दिवसांत रद्द केल्यास संपूर्ण शुल्क बुडते.

राखीव निधी

प्रकल्प व्यवस्थापनाचे शास्त्र सांगते की, अडचणीसाठी वेगळी रक्कम ठेवल्याखेरीज अंदाजपत्रक पुरे होत नाही. येथे मोठी अडचण म्हणजे अनुत्तीर्ण होणे. एका वर्षाच्या मुदतीत तीनदा परीक्षा देता येते. परंतु प्रत्येक पुनर्परीक्षेचे सभासदांसाठी 150 डॉलर आहेत. कर व बँकेची आकारणी धरून ते सुमारे 16,400 रुपये होतात. एवढी रक्कम बाजूला असेल, तर संपूर्ण अंदाजपत्रक 53,020 रुपयांचे होते. पहिल्याच प्रयत्नात यश आले, तर राखीव रक्कम घरातच राहते.

खर्चाचा क्रम

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जो पैसा परत येणार नाही, तो सर्वांत शेवटी खर्च करावा. उत्साहाच्या भरात प्रथम शुल्क भरले जाते आणि अभ्यास मागे राहतो. अर्ज मंजूर झाला की एक वर्षाची मुदत सुरू होते आणि त्या दिवसापासून वेळ आपल्या विरुद्ध जाऊ लागतो.

म्हणून बारा महिन्यांचे नियोजन असे करावे. पहिल्या दोन महिन्यांत जाहिराती वाचाव्यात, विनामूल्य व्याख्याने ऐकावीत आणि विषय झेपतो का, ते पाहावे. येथे थांबावेसे वाटले तर काहीही गमावलेले नसते. तिसऱ्या ते आठव्या महिन्यात 23 तासांचे प्रशिक्षण आणि नियमित अभ्यास करावा. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने या काळात रोज इंग्रजीतील पाच पारिभाषिक शब्द अर्थासह वहीत उतरवावेत. परीक्षेतील बरेच प्रश्न विषयापेक्षा भाषेमुळे अवघड वाटतात. नवव्या महिन्यात वेळ लावून पूर्ण सराव परीक्षा द्याव्यात. त्यांत सातत्याने समाधानकारक गुण मिळू लागल्यावरच सभासदत्व, अर्ज, शुल्क आणि तारीख या क्रमाने पुढे जावे. अकराव्या महिन्यात परीक्षा द्यावी. बारावा महिना पुनर्परीक्षेसाठी मोकळा ठेवावा.

राखीव निधीसह संपूर्ण रक्कम बारा महिन्यांत विभागली, तर महिन्याला सुमारे 4,400 रुपये होतात. राखीव निधी वगळता 3,050. बँकेतील एक वर्षाची आवर्ती ठेव किंवा विश्वासाची भिशी यांतून ही रक्कम उभी करता येते. कर्ज शक्यतो टाळावे. महिना दोन टक्के हे व्याज ऐकायला हलके वाटते. ते वर्षाला चोवीस टक्के होते. नोकरीत असलेल्याने शुल्काची भरपाई कंपनी देते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

प्रमाणपत्र मिळाल्यावरही हिशेब संपत नाही. ते तीन वर्षांसाठी असते. नूतनीकरणासाठी त्या काळात ठरावीक शिक्षण पूर्ण करून शुल्क भरावे लागते. मात्र पुढे पीएमपी करायचे असल्यास चालू सीएपीएम असणाऱ्याला तेथील 35 तासांच्या प्रशिक्षणाची अट वेगळी पूर्ण करावी लागत नाही. हा लाभही जमेच्या बाजूस धरावा.

माजी विद्यार्थ्यांना काय करता येईल?

या अंदाजपत्रकातील काही रकमा समाज म्हणून आपल्याला कमी करता येतात. पुस्तकाची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात असली, तर ती अनेकांना पुरेल. शहरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याने परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या घरी निवारा दिला, तर मुक्कामाचा खर्च वाचेल आणि मनाला धीरही येईल. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी महिन्यातून एका रविवारी दोन तास सराव प्रश्न सोडवून घेतले, तर पुनर्परीक्षेची पाळीच येणार नाही. राखीव निधीसाठी बिनव्याजी उसनवारीची सोय केली, तर गरजू विद्यार्थी पहिल्या अपयशानंतर मागे फिरणार नाही. आणि बहुतेक वेळा ती रक्कम जशीच्या तशी पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येईल.