इन्स्टॉलेशन अडकले म्हणजे संगणक गेला, असे नाही

हर्सूलला जळगाव रस्ता सोडून आतल्या वसाहतींत शिरले, की अजूनही अनेक घरांत एखादा जुना संगणक दिसतो. एमएस-सीआयटीसाठी किंवा मुलाच्या डिप्लोमासाठी घेतलेला, आता कोपऱ्यात धूळ खात पडलेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. त्यामुळे अशा मशीनवर नवी सिस्टिम टाकून पाहण्याची गरज वाढली. ती टाकताना मध्येच अडकली, की ‘गेलं मशीन, भंगारात द्या’ हा सल्ला लगेच मिळतो. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. इन्स्टॉलेशन कुठे थांबले हे नीट पाहिले, तर दोष कुठला हे बऱ्याचदा घरच्या घरी कळते.

गैरसमज : टक्का हलत नाही, म्हणजे सगळे बंद पडले.
वस्तुस्थिती : पडद्यावरचे टक्के वेळ मोजत नाहीत, कामाचे टप्पे मोजतात. हजारो लहान फाइली उलगडताना जुनी फिरती हार्ड डिस्क एकाच आकड्यावर बराच वेळ घेते. डब्यावरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर हात लावू नये. तास गेला तरी जाऊ द्यावा. दिवा थांबला असेल, तर कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर मशीन अजून प्रतिसाद देत आहे. लिनक्स टाकताना कधी कधी इंटरनेटवरून अपडेट उतरवण्यातच गाडी अडते. नेट काढून पुन्हा सुरुवात करावी. अपडेट नंतरही घेता येतात.

गैरसमज : फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली, की पेनड्राइव्ह तयार.
वस्तुस्थिती : नव्या सिस्टिमची उतरवलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी करून मशीन त्यावरून सुरू होत नाही. ती रूफस किंवा बलेना एचरसारख्या साधनाने पेनड्राइव्हवर लिहावी लागते. २०१२च्या आधीची बहुतेक मशीन जुन्या बायोसवर चालतात. त्यांच्यासाठी रूफसमध्ये ‘जीपीटी’ऐवजी ‘एमबीआर’ निवडावे. उतरवलेली फाइल अर्धवट असेल, तर कॉपी होतानाच इन्स्टॉलेशन अडते. म्हणून संकेतस्थळावर दिलेला ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ सांकेतांक आपल्या फाइलशी जुळवून घ्यावा. जुन्या मशीनवर निळ्या यूएसबी पोर्टऐवजी काळ्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावून पाहणेही उपयोगी ठरते.

गैरसमज : जुगाड केला, की विंडोज ११ कुठेही चालते.
वस्तुस्थिती : विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. टीपीएमची तपासणी टाळता येते, पण प्रोसेसरमध्ये नसलेली क्षमता आणता येत नाही. २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरला एसएसई ४.२ सूचनासंच असणे अनिवार्य झाले आहे. कोअर टू ड्युओमध्ये तो नाही, त्यामुळे तिथे ही आवृत्ती सुरूच होत नाही. लिनक्समध्येही ३२ बिटचे दिवस सरले आहेत. उबंटूने डेस्कटॉपची ३२ बिट आवृत्ती २०१७मध्ये थांबवली, आणि २०२५च्या डेबियन १३मध्ये ३२ बिटसाठी इन्स्टॉलर नाही. प्रोसेसर ६४ बिट असेल आणि ४ जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चांगली चालते. तिचा पडदा मराठीतही ठेवता येतो.

गैरसमज : काळा पडदा आला, म्हणजे ग्राफिक्स जळाले.
वस्तुस्थिती : बऱ्याचदा नवा ड्रायव्हर आणि जुनी चिप यांचे जमत नाही, एवढेच असते. लिनक्सच्या पहिल्या यादीत ‘ई’ दाबावे. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, पण दोन किंवा तीन आडव्या रेघा असतील तर त्यांच्या आधी, ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून एफ१० दाबावे. चित्र दिसले, तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे.

गैरसमज : पुन्हा फॉरमॅट मारला, की दोष जातो.
वस्तुस्थिती : फॉरमॅटने खराब झालेली डिस्क दुरुस्त होत नाही. इथे एक साधी खूण कामी येते. प्रत्येक वेळी त्याच टक्क्यावर अडत असेल, तर संशय डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवरच्या फाइलवर. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल, तर रॅम किंवा उष्णता. डिस्कसाठी ‘स्मार्ट’ अहवाल पाहावा. त्यात बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल, तर ती डिस्क सोडून द्यावी आणि एसएसडी बसवावी. रॅमसाठी मेमटेस्ट८६+ ची एक पूर्ण फेरी चालवावी. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहावी. वीज तोडून, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज काढून, रॅमची सोनेरी टोके खोडरबरने हलक्या हाताने पुसावीत.

गैरसमज : घड्याळाचा आणि हवेचा इन्स्टॉलेशनशी काय संबंध?
वस्तुस्थिती : मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपला, की तारीख मागे जाते. मग सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि इंटरनेटवरून फाइली उतरत नाहीत. बायोसची सेटिंगही मूळपदावर जातात. सेल बदलणे हा स्वस्त उपाय आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पंख्यात धूळ साचलेली असेल, तर प्रोसेसर तापून काम मंदावते किंवा मशीन आपोआप बंद पडते. आधी पंखा झाडावा, पहाटे किंवा रात्री काम सुरू करावे. मध्येच वीज गेली तर अर्धवट सिस्टिम सुरू होत नाही, म्हणून यूपीएस जोडावा.

क्रम असा ठेवावा : आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे काढून घ्या. मग पेनड्राइव्ह, बायोस, रॅम आणि डिस्क या क्रमाने तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळणार नाही. एवढे करूनही मशीन उठले नाही, तर ते भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. पण एकदा पडदा थांबला म्हणून चालते मशीन टाकून देऊ नका. ज्या घरात मुलाला टायपिंग शिकायचे आहे, तिथे ते अजून कितीतरी दिवस उपयोगी पडेल.