दहा सेकंदांत पुसलेला पुरावा

कसाऱ्यात संगणक बंद पडला की कारण आधीच ठरलेलं असतं: लाईट गेली असेल. पावसाळ्यात ते बहुतेक वेळा खरंही असतं. घाटाच्या पायथ्याशी ढग उतरले की तारांवर फांद्या पडतात, गाव अंधारात जातं आणि मग कशालाही तेच कारण चिकटवता येतं. स्टेशनजवळच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानातही तसंच चाललं होतं. दुकान चालवणाऱ्या ताईंनी जुना सर्व्हर विकत घेतला होता. त्यावर डेबियन लिनक्स. सातबारा, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोरांच्या गुणपत्रिका, सगळ्यांचे स्कॅन त्यातच. तो अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा.

माझा भाचा एका कंपनीचे सर्व्हर घरूनच सांभाळतो. ताईंनी त्याला बोलावलं, आणि हे लोक नेमकं करतात काय ते पाहावं म्हणून मीही सोबत गेलो.

त्यानं आधी यूपीएसची नोंद उघडली. मशीन बंद पडण्याच्या वेळा एका बाजूला, वीज गेल्याच्या वेळा दुसऱ्या बाजूला. जुळत नव्हत्या.

"ताई, लाईट नव्हती गेली."

"मग आपोआप चालू कसा होतो रे?"

"कुणीतरी तसं सांगून ठेवलंय त्याला."

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. स्मृती, डिस्क, नेटवर्क, सगळ्यांचा ताबा त्याच्याकडे. त्यालाच सावरता येणार नाही अशी चूक घडली की तो हात वर करतो. याला पॅनिक म्हणतात. मूळ सेटिंगप्रमाणे मशीन पॅनिकनंतर तिथंच थांबतं, पडद्यावर अखेरच्या ओळी दिसत राहतात. या मशीनवर मात्र कुणीतरी 'कर्नल डॉट पॅनिक' या सेटिंगमध्ये १० हा आकडा भरून ठेवला होता, म्हणजे दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू व्हायचं. हेतू चांगलाच होता, सकाळी दुकान उघडल्यावर मशीन चालू सापडायचं. पण त्या दहा सेकंदांनंतर पडद्यावरच्या ओळीही पुसल्या जायच्या. डिस्कवरच्या लॉगमध्येही काही नव्हतं, कारण लॉग डिस्कवर लिहायला कर्नलच लागतो आणि तोच कोसळलेला. 'चालू झालं ना, मग झालं' या आपल्याकडच्या वृत्तीला एका ओळीचं सेटिंग पुरतं.

कोसळणाऱ्या कर्नलकडूनच त्याची जबानी लिहून घ्यायची, असे प्रयत्न पूर्वी झाले. एलकेसीडी, डिस्कडंप ही त्यांची नावं. अडचण उघड होती. ज्याची स्वतःची स्मृती बिघडली आहे, त्याच्याच हाती डिस्कवर लिहिण्याचं काम द्यायचं. तो भलत्याच जागी लिहून बसला तर चांगला डेटाही जायचा. २००५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या लिनक्स २.६.१३ मध्ये वेगळी वाट आली. एरिक बीडरमन यांनी केएक्झेक रचलं होतं. चालू कर्नल बायोसकडे न जाता थेट दुसऱ्या कर्नलमध्ये उडी मारतो, ती ही सोय. विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लितीर्थ आणि आयबीएमच्या बंगळुरूतल्या मंडळींनी तिच्यावर केडंप उभं केलं. मेलेल्याला बोलतं करण्यापेक्षा शेजारी एक धडधाकट साक्षीदार आधीच बसवून ठेवायचा, ही त्यामागची कल्पना.

भाच्यानं केडंप-टूल्स हे पॅकेज बसवलं. कर्नल सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या सेटिंगमध्ये क्रॅशकर्नल नावाची ओळ आली. मशीन सुरू होतानाच स्मृतीचा एक तुकडा बाजूला काढायचा, एवढंच ती सांगते. त्या तुकड्यात दुसरा, लहान कर्नल भरून ठेवतात. पहिला कर्नल जिवंत असेपर्यंत त्या जागेला हात लावत नाही. मशीनच्या आठ जीबी स्मृतीतला तेवढा भाग वापरातून कायमचा गेला.

"फुकट घालवायची म्हणजे," ताई म्हणाल्या.

त्यांना समजावायला घाट जवळच होता. इगतपुरीकडून उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटला तर ती चढावर नेऊन थांबवायला कॅच सायडिंग ठेवलेली असते. त्या रुळावरून एरवी एकही गाडी जात नाही, पण म्हणून कुणी तो उखडून विकत नाही.

पण जागा आधीपासूनच का राखायची? पॅनिक झाल्यावर हवी तेवढी रिकामी स्मृती घ्यावी, असं मला वाटलं. या प्रश्नावर भाचा खुलला.

"मामा, कर्नल मेला तरी बाकीच्यांना ते कुठं ठाऊक असतं? डिस्कचं कार्ड, नेटवर्कचं कार्ड, त्यांना त्यानं आधी सांगून ठेवलंय की आलेला माल अमुक जागी टाका. ते टाकतच राहतात."

यंत्रभाग प्रोसेसरला न विचारता थेट स्मृतीत लिहितात, याला डीएमए म्हणतात. नवा कर्नल जुन्याच्या जागेत उभा केला तर त्याच्या अंगावर हा माल येऊन पडेल. राखीव तुकड्याचा पत्ता मात्र कुठल्याच कार्डाला कधी दिलेला नसतो, म्हणून तीच एक जागा भरवशाची. तरीही उडी मारल्यावर मधला एक छोटा प्रोग्राम दुसऱ्या कर्नलची एसएचए-२५६ बेरीज तपासतो आणि ती जुळली तरच पुढं जाऊ देतो. इतका संशयी बंदोबस्त मी फार कमी कामांत पाहिला आहे.

आता 'केडंप-कॉन्फिग शो' म्हटल्यावर उत्तर आलं, 'रेडी टू केडंप'. मला वाटलं, काम झालं. भाचा हसला. त्याच्या मते काम इथून सुरू होतं, कारण या ओळीवर विसंबलेले कितीतरी सर्व्हर खऱ्या पॅनिकच्या वेळी रिकाम्या हातानं परत येतात. मशीन मुद्दाम पाडून बघायचं. दुकान बंद झालं, ताईंच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, सिंक ही कमांड देऊन उरलंसुरलं डिस्कवर उतरवलं आणि मग त्यानं सिस्आरक्यू-ट्रिगर या फायलीत सी हे एकच अक्षर लिहिलं. त्या अक्षराचा अर्थ, आत्ता कोसळ.

पडदा ओळींनी भरला, दुसरा कर्नल उठू लागला आणि मध्येच अडकला. स्मृती अपुरी. पॅकेजनं आपणहून ठरवलेला आकडा या जुन्या मशीनच्या रेड कार्डाचा, म्हणजे अनेक डिस्का एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाचा, ड्रायव्हर चढवताना पुरला नव्हता. भाच्यानं तो २५६ एमबी केला, मशीन पुन्हा सुरू केलं, पुन्हा सी लिहिलं. या वेळी दुसरा कर्नल उभा राहिला. त्याच्यासमोर मेलेल्याची सगळी स्मृती 'प्रॉक व्हीएमकोर' नावाच्या एकाच फायलीसारखी असते. मेकडंपफाइलनं त्यातली रिकामी पानं, डिस्कची उगाच साठलेली पानं, वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांची पानं गाळली आणि उरलेलं दाबून 'व्हार क्रॅश'मध्ये लिहिलं. आठ जीबीतून उरलेली ही फाईल, म्हणजे डंप, अगदीच आटोपशीर होती.

याच बैठकीत त्यानं आणखी एक भोक बुजवलं. केडंप पॅनिकनंतरच जागं होतं. मशीन नुसतं गोठलं तर पॅनिक होत नाही, मग डंपही नाही. म्हणून एखादा प्रोसेसर कर्नलमध्येच २० सेकंदांहून जास्त अडकला तर त्यालाही पॅनिक समज, अशी सूचना दिली. कर्नलमधली किरकोळ वाटणारी चूक, जिला ऊप्स म्हणतात, तीही पॅनिकच धरायची. माझ्या मते दुकानाच्या मशीनसाठी हे जरा कडक आहे. पण कारण सापडेपर्यंत तसंच ठेवू, असं तो म्हणाला.

खरा पॅनिक व्हायला फार वाट पाहावी लागली नाही. डंप वाचायला क्रॅश नावाचं साधन असतं, पण त्याला नेमक्या त्याच कर्नलची खुणांसकट प्रत लागते. ती शेकडो एमबीची प्रत कसाऱ्याच्या नेटवर उतरेपर्यंत दोन चहा झाले. मग त्यानं 'बीटी' टाइप केलं. कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं त्याची उतरंड समोर आली. वरच्या ओळी पॅनिकच्याच, त्या सोडून द्यायच्या. खाली, जिथं मूळ घाव बसला तिथं, वायफायच्या यूएसबी डोंगलचा ड्रायव्हर होता. शून्य पत्त्यावर वाचायला गेलेला, तेही इंटरप्ट, म्हणजे यंत्रभागानं प्रोसेसरला मारलेली हाक, हाताळताना. शेजारी कर्नलनं स्वतःच ओ आणि ई ही दोन अक्षरं टाकली होती: हे मॉड्यूल माझ्या घरचं नाही आणि यावर सही नाही. केबल ओढायचा खर्च वाचवायला कुणीतरी तो डोंगल लावला होता आणि ड्रायव्हर कुठून तरी उतरवून घेतला होता.

डोंगल निघाला, केबल आली. ताईंचा शेवटचा प्रश्न मात्र वेळेचा होता. हा सर्व्हर सुरू होताना आधी स्मृती मोजतो, मग रेड कार्ड डिस्का तपासतं, काही मिनिटं यातच जातात. कर्नल अद्ययावत केल्यावर रीस्टार्ट लागतो तेव्हाही गिऱ्हाईक खोळंबतं. तिथं केएक्झेकचा मूळ उपयोग कामी आला. नवा कर्नल आधी स्मृतीत चढवायचा आणि 'सिस्टिमसीटीएल केएक्झेक' म्हणायचं. सेवा रीतसर बंद होतात, बायोसची सगळी तपासणी टळते. पॅनिकनंतर मात्र त्यानं ही सवलत ठेवली नाही. डंप लिहून झाला की मशीन बायोसपासून पूर्ण सुरू होईल, कारण कोसळण्याच्या वेळी कार्डं कुठल्या अवस्थेत होती ते सांगता येत नाही.

डोंगलच्या ड्रायव्हरबद्दल तक्रार कळवताना त्यानं फक्त उतरंडीच्या ओळी कॉपी केल्या, डंपची फाईल पाठवली नाही. कितीही गाळली तरी कर्नलच्या पानांत कुणाच्या फायलींची नावं, कुणाचा पासवर्ड अडकलेला असू शकतो, आणि या मशीनवर अर्ध्या तालुक्यातल्या पोरांचे दाखले होते. काम झाल्यावर त्यानं ती फाईल पुसली आणि यापुढं दोनपेक्षा जास्त डंप साठणार नाहीत असं सेटिंग करून ठेवलं.