भाग २३ : घरच्या घरी गाडीला पॉलिश करताना मी काय घासून बसलो

ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी : हे एपिसोडचं शब्दांकन आहे. अडखळणं, खोकणं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "घरी गाडी पॉलिश करायची आहे, कुठलं प्रॉडक्ट घेऊ?" मी प्रॉडक्टचं नाव सांगणार नाहीये. आधी आमच्या बॉनेटची गोष्ट सांगतो, म्हणजे का सांगत नाहीये ते कळेल.

आमच्याकडे बाबांची गडद निळी स्विफ्ट आहे. रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेली, त्यामुळे तिच्यावर जीव. गेल्या वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी मी ठरवलं की गाडी नव्यासारखी करून बाबांना सरप्राइज द्यायचं. रील्स बघितल्या होत्या. घरात ड्रिल मशीन होतं, ऑनलाइन दोनशे रुपयांत ड्रिलला लावायचा फोमचा पॅड मिळाला, कोपऱ्यावरच्या दुकानातून रबिंग कंपाउंड आणलं आणि सुरू झालो. पहिली दहा मिनिटं काय मस्त चमक येत होती! मग बॉनेटवर जी उभी घडी असते ना, उंचवट्याची रेष, तिच्यावरून पॅड फिरवला. तिथे जरा ओरखडे जास्त दिसत होते म्हणून थोडा दाब दिला. पुसून बघतो तर चार बोटं लांबीचा एक फिकट, मॅट पट्टा. फडकं निळं. परत घासलं, पट्टा रुंद झाला.

तो पट्टा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी माहीतच नव्हतं. पेंटरने सांगितलं, "क्लिअर गेला साहेब. आता पॉलिशने काही होत नाही, बॉनेट रंगवावं लागेल." साडेचार हजार सांगितले. पण पैशापेक्षा बाबांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, "अरे, गाडीला एक ठोकर नाही आजपर्यंत. बॉनेट रंगवलं की उद्या विकताना प्रत्येक जण विचारणार, ॲक्सिडेंट कधी झाला होता?" खरंय ते. सेकंड हँड गाडी बघणारा माणूस आधी बॉनेटच बघतो. पट्टा तसाच ठेवला. अजून आहे.

तर आता मुद्द्यावर येऊ. गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर असतात. खाली गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक या क्लिअर कोटची असते. उन्हातले अतिनील किरण अडवण्याचं कामही मुख्यतः तोच करतो. त्याची जाडी साधारण चाळीस मायक्रॉनच्या आसपास. तुमच्या डोक्यावरचा एक केस सत्तर वगैरे मायक्रॉनचा धरा, म्हणजे केसाहूनही पातळ. कडांवर आणि घड्यांवर तर रंग आणखी पातळ बसतो. मी नेमका तिथेच दाब दिला.

आणि पॉलिश म्हणजे काय, तर तोच क्लिअर कोट अगदी थोडा घासून काढणं. ओरखडा म्हणजे दरी असं समजा. पॉलिश दरी भरत नाही, आजूबाजूची जमीन खाली आणते. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा क्लिअर कोट कायमचा जातो आणि परत भरता येत नाही. हे एक वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर साडेचार हजारांचा प्रश्नच आला नसता.

आपल्याकडे एक घोळ आहे. दुकानात 'वॅक्स पॉलिश' नावाच्या बाटल्या मिळतात. दोन्ही शब्द एकत्र. पण पॉलिश काढतं, वॅक्स किंवा सिलंट झाकतं. दोन उलट कामं. काही बाटल्यांत थोडं घासणारं द्रव्य आणि थोडं मेण एकत्र असतं. ते वाईट नाही, पण दर महिन्याला लावायची गोष्ट नव्हे. म्हणून बाटलीवरचं पुढचं मोठं नाव सोडा, मागचं बारीक वाचा. घासणारे कण आहेत का, ते बघा.

आता गाडीजवळ जा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. खरंच, एपिसोड पॉज करून जा. टॉर्च पत्र्यापासून हातभर लांब धरा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसतील. त्यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात. ते गोल नसतातच खरं तर, सगळ्या दिशांना असतात, प्रकाशाभोवतीचे तेवढे चमकून आपल्याला गोल भासतात. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाडीवर कमी दिसतात, काळ्या-निळ्यावर नको इतके.

ते येतात कुठून? रोज सकाळी कोरड्या किंवा एकाच बादलीत बुडवलेल्या फडक्याने धूळ पुसण्यातून. आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला येणारे काका तासाभरात बारा-तेरा गाड्या करतात, एक बादली, एक फडकं. त्यांचा दोष नाही, आपण पैसेच तेवढ्याचे देतो. आणि घरी आपण काय वापरतो? बाबांचा जुना बनियन. शिवणीसकट. धूळ म्हणजे बारीक वाळू. कोरडी पुसली की ती सँडपेपरचं काम करते.

म्हणून पहिला खर्च मशीनवर करू नका. दोन बादल्या, गाडीचा शॅम्पू, धुण्यासाठी एक मायक्रोफायबर मिट आणि चार-पाच चांगले मायक्रोफायबर टॉवेल घ्या. आधी नुसत्या पाण्याने माती उडवा. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट शॅम्पूत बुडवा, एक पॅनल धुवा, साध्या पाण्यात खळबळून माती सोडा, मग परत शॅम्पूत. वरून खाली या, कारण चिखल खालीच जास्त असतो. पुसून कोरडी करा. आमच्यासारखं टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर हे फारच महत्त्वाचं. जड पाण्यातला कॅल्शियम उन्हात वाळला की पांढरे डाग धरतो. ताजे डाग व्हिनेगरमध्ये भरपूर पाणी घालून पुसले तर जातात, पण मग लगेच धुवून टाका. जुने डाग क्लिअर कोटमध्ये खड्डा करून बसलेले असतात.

धुतल्यावर एक छोटी परीक्षा. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा (आपल्याकडे २०१८ पासून बंदी आहे, तरी घरात एखादी सापडतेच) आणि पत्र्यावरून हळू फिरवा. खरखर लागली तर रंगात बारीक घाण रुतलीये. ब्रेकचा लोखंडी चुरा, झाडाचा चीक, रस्त्याचं डांबर. त्यासाठी क्ले बार मिळतो, कणकेच्या गोळ्यासारखा. पत्रा शॅम्पूच्या पाण्याने बुळबुळीत ठेवायचा आणि गोळा अलगद सरकवायचा, दाबायचा नाही. मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. खाली पडला तर सरळ फेकून द्या, जीव जळला तरी. त्याला चिकटलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढेल.

मशीनचं बघू. तीन प्रकार डोक्यात ठेवा. घरातला अँगल ग्राइंडर : मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे, पॉलिशला कधीच नाही. रोटरी पॉलिशर : पॅड एकाच जागी गोल फिरतो, उष्णता पटकन वाढते, हे सरावलेल्या हातांचं काम. माझं ड्रिलही त्याच जातीचं, वर हातात नीट न बसणारं. आणि तिसरा डीए पॉलिशर. त्यात पॅड फिरतोही आणि झुलतोही, त्यामुळे एकाच ठिकाणी उष्णता साठत नाही, आणि जास्त दाबलं तर फिरणंच थांबतं. शिकणाऱ्याने हाच घ्यावा. मी डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा केलं तेव्हा मित्राचा मागून आणला होता. पॅडच्या मागच्या चकतीवर मार्करने एक रेघ मारा. रेघ फिरताना दिसली तर पॅड काम करतोय, नुसतीच थरथरली तर तुम्ही दाबताय. पॅडच्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका. एका कंपनीचा नारिंगी म्हणजे दुसऱ्या कंपनीचा नारिंगी नव्हे. पाकिटावर कडक की मऊ, ते वाचा.

सुरुवात सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिशने करायची. रबिंग कंपाउंडने नाही! दीड फूट बाय दीड फूट जागा घ्या, शक्यतो बॉनेटचा सपाट भाग. घड्या, कडा आणि काळं प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावा. पॅडवर मटारच्या दाण्याएवढे चार थेंब, आधी मशीन बंद ठेवून पसरवा, नाहीतर भिंतीवर नक्षी होते. मग मध्यम वेगात, सेकंदाला इंच-दोन इंच सरकत, आडवे आणि मग उभे असे चार-पाच फेरे. हातावर मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त जोर. पुसा आणि टॉर्च लावून बघा.

इथे फसगत होते. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत बसतं आणि ते गेल्यासारखे दिसतात. दोन धुण्यांनंतर परत हजर. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भरपूर पाणी मिसळून, एकास पाच-सहा असं, ती जागा पुसा आणि मग टॉर्च लावा. जे दिसेल ते खरं. साठ-सत्तर टक्के सुधारणा दिसली तर तोच पॅड, तेच पॉलिश, अख्खी गाडी. नाही दिसली तर एक पायरी वर. तीही त्याच चौकोनात करून बघायची.

नखाला अडणारा ओरखडा असेल तर त्याच्या मागे लागू नका. तो पूर्ण काढायचा तर क्लिअर कोट संपेल. कडा बोथट करा, पुढे चला. आमच्या गाडीच्या मागच्या दारावर असा एक आहे, सायकलच्या हँडलचा. राहिलाय.

मशीन नसेल तर हाताने करा, फोमच्या ॲप्लिकेटरने. सगळे ओरखडे जाणार नाहीत, हात दुखेल, पण चमक वाढते आणि रंग जाळायची भीती जवळजवळ नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच सांगेन. मॅट रंगाच्या गाडीला मात्र पॉलिश करूच नका, चट्टे पडतात. आणि जुन्या काही गाड्यांना क्लिअर कोट नसतोच. तिथे फडक्यावर थोडा रंग येणं नेहमीचं आहे. माझ्यासारखी क्लिअर कोटची गाडी असून फडकं रंगलं, तर त्या क्षणी थांबायचं.

(मागे कुकरची शिट्टी ऐकू आली असेल, त्याबद्दल सॉरी. आईला रेकॉर्डिंग आहे हे सांगायचं विसरलो.)

सिलंट सोपं आहे. मेण म्हणजे बहुतेक कार्नोबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. दिसतं सुंदर, पण आपल्या मे महिन्यात लवकर संपतं. कृत्रिम सिलंट काही महिने टिकतं. पत्रा थंड हवा. बोट ठेवून बघा, गरम लागला तर थांबा. सकाळी किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये करा. एका पॅनलला चण्याएवढं पुरतं. जाड लावलं की जास्त टिकत नाही, फक्त पुसताना घाम निघतो. धुरकट झालं की स्वच्छ टॉवेलने पुसा आणि बाटलीवर लिहिलंय तितके तास पाणी लागू देऊ नका. हे कवच ओरखडे अडवत नाही. पक्ष्यांची विष्ठा, चीक, जड पाणी यांना थेट रंगाला भिडू देत नाही, म्हणजे तुम्हाला पुसायला थोडा वेळ देतं.

सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीत '९एच' लिहिलेलं असतं. ते पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याचं नाही. आणि खालचे ओरखडे न काढता ते लावलं तर तेच ओरखडे काचेखाली फ्रेम केल्यासारखे राहतात.

कधी करायचं? पावसाळा संपल्यावर. गाडी कोरडी मिळते आणि सिलंटला बसायला वेळ मिळतो. मी डिसेंबरमध्ये दोन रविवार घालवले. पहिल्या रविवारी फक्त धुणं आणि क्ले. घडीवर टेप लावून तिला हातही लावला नाही. नंतर बाबा टॉर्च घेऊन दहा मिनिटं फिरले गाडीभोवती, पट्ट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "यंदा स्वस्तिक काचेवर काढू." दसऱ्याला ओलं हळद-कुंकू बॉनेटवर लावायचं आणि दुसऱ्या दिवशी वाळलेलं खरवडायचं, हा आमच्या घरातला जुना कार्यक्रम. झेंडूच्या हाराची तारही आता वायपरला बांधतो, पत्र्याला टेकत नाही.

प्रश्न असतील तर पाठवा. गाडीचा फोटो पाठवत असाल तर उन्हातला, फिल्टर मारलेला नको. रात्री, टॉर्च लावून काढलेला पाठवा.