कूच होण्याआधीचं युद्ध

‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळाच्या जुन्या भिडूंची एक तक्रार आजही ऐकू येते: माझा रणगाडा एका भालेवाल्यानं उडवलाच कसा? सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ मध्ये हा खेळ रचला, तेव्हा लढाईचा निकाल जवळजवळ एका फाशावर लागायचा. हल्लेखोराचं आणि बचाव करणाऱ्याचं बळ यांचं जे प्रमाण, तीच जिंकण्याची शक्यता. रणगाड्याचा हल्ला १०. फॅलँक्स म्हणजे ढाल-भाल्याची तुकडी, तिचा बचाव २. पण ती तटबंदीच्या शहरात बसली की बचाव तिप्पट, म्हणजे ६. मग १६ पैकी ६ वेळा भालेवालाच जिंकणार. तक्रार करणाऱ्याला रणगाडा दिसत होता, तट दिसत नव्हता.

खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच, की इसवी सनपूर्व ४००० मध्ये एक वस्ती वसवायची आणि पाळीपाळीनं अवकाशयुगापर्यंत पोचायचं. शेती, विद्या, धर्म, व्यापार, युद्ध सगळं त्यात येतं. घड्याळ मागे लागलेलं नसतं. एका पाळीवर हवा तेवढा विचार करा. तरीही बहुतेक भिडू युद्धात कच्चे राहतात, आणि माझ्या मते त्याचं कारण सैन्य नीट हलवता न येणं हे नाहीच. युद्ध कधी काढायचं हे त्यांना ठरवता येत नाही.

मालिकेच्या प्रत्येक भागानं लढाईचे नियम बदलले. दुसऱ्या भागात (१९९६) तुकड्यांना आयुष्याचे गुण मिळाले, एका फाशाचं राज्य संपलं आणि भालेवाल्याचे चमत्कार कमी झाले. चौथ्या भागात (२००५) एकाच चौकोनात कितीही फौज उभी करता यायची. भिडू याला ‘स्टॅक’ म्हणतात. अशा फौजेला शहर घेण्यासाठी कॅटापुल्ट हे दगडफेकी यंत्र लागायचं. शहराचा सांस्कृतिक बचाव ६० टक्के असेल आणि तट नसेल, तर एक कॅटापुल्ट एका पाळीत त्यातले ८ टक्के उतरवतं. सहा कॅटापुल्ट असतील तर पहिल्या पाळीत ४८ टक्के, उरलेलं दुसऱ्या पाळीत. त्यानंतर खरी परीक्षा. आत दाटीनं बसलेल्या शिबंदीवर पहिली दोन-तीन कॅटापुल्ट सोडायची, बहुधा मरण्यासाठीच. त्यांच्या माऱ्यानं एकाच वेळी अनेक तुकड्या जखमी होतात आणि मागून येणारे तलवारवाले शहर घेतात. नवख्याचा हात इथे अडतो. आपली महागडी यंत्रं वाचवून तो तलवारवाले आधी पाठवतो आणि दोन्ही गमावतो. तोट्याची तरतूद आधीच करून निघणं, हे त्या भागातलं सगळ्यांत अवघड शिक्षण होतं.

पाचव्या भागानं (२०१०) पट षटकोनी केला आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी असा दंडक घातला. जॉन शेफर या रचनाकारानं ही प्रेरणा १९९४ च्या ‘पँझर जनरल’मधून घेतली होती. आता आघाडी, पिछाडी, खिंड, नदी यांना अर्थ आला. पण संगणकाला हे काही जमेना. त्याची फौज अरुंद वाटेवर एकमेकांत अडकून बसायची. पाचव्या भागातल्या विजयांच्या फुशारक्यांतून निम्म्या वजा कराव्यात त्या याचसाठी.

सहाव्या भागाबद्दल (२०१६) जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे हिशेब उघड्यावर आहे. प्रत्येक तुकडीचं आयुष्य १००. दोघांचं बळ सारखं असेल तर एका झटापटीत दोघांचं सुमारे ३० नुकसान. बळात १० चा फरक पडला की समोरच्याचं सुमारे ४५ जातं, आपलं २०. फरक ३० वर गेला की एका घावात काम तमाम. आता साध्या योद्ध्याचं बळ २०, तलवारवाल्याचं ३५ च्या आसपास. लोखंड हाती येण्याआधी स्वस्तात योद्धे उभे करायचे, सोनं साठवायचं आणि विद्या मिळताच सगळ्यांना एकदम तलवारवाले करायचं. शेजाऱ्याकडे अजून योद्धेच असतील तर पुढच्या काही पाळ्या तुमच्या. त्यानंही लोखंड गाठलं की संधीची ही खिडकी बंद.

ही खिडकी लहान-सहान आकड्यांनीही उघडते. मोठा सेनापती, म्हणजे ग्रेट जनरल, जवळ असला की त्याच्या काळातल्या तुकड्यांना ५, ऑलिगार्की हा राज्यप्रकार घेतला की पायदळाला ४, शत्रूच्या बगलेला आपली आणखी एक तुकडी असली की २. बेरीज ११. वरचा हिशेब पाहा: एकही नवी विद्या न शिकता जवळजवळ युग बदलल्याइतका फरक. सेनापतीमुळे एक पाऊलही जास्त मिळतं, त्यामुळे एरवी हलल्यावर मारा न करू शकणारं कॅटापुल्ट त्याच पाळीत डागता येतं. हे आकडे न जुळवता कितीही सुंदर व्यूह रचा, डिटी या सर्वांत कठीण पातळीवर उपयोग नाही. तिथे संगणकाच्या तुकड्यांना मुळातच ४ जास्त मिळतात आणि तो सुरुवात एकाऐवजी तीन वस्त्यांनी करतो.

तटबंदीपुढे धनुर्धारी जवळपास निकामी; तिथे पायदळासोबत ओंडक्याचं धडक-यंत्र न्यावं किंवा कॅटापुल्ट. शहर चहूबाजूंनी वेढलं की त्याची डागडुजी थांबते, हे विसरून एकाच बाजूनं डोकं आपटणारे पुष्कळ. वाटेतली शेतं लुटली तर जखमी तुकडी सावरते. मुलुख बेचिराख करत पुढं जाणं हा या खेळात क्रौर्याचा नाही, रसदीचा भाग आहे.

भारताचं उदाहरण इथे चपखल बसतं. २०१८ च्या ‘राइझ अँड फॉल’ या विस्तारात चंद्रगुप्त मौर्य आला. त्याच्या खास गुणाचं नावच ‘अर्थशास्त्र’. राज्यविस्ताराचं युद्ध पुकारल्यावर पहिल्या १० पाळ्या त्याच्या तुकड्यांना २ पावलं आणि ५ बळ जास्त. भारताचे वरू हत्ती शेजारच्या शत्रूचं बळ ५ नं घटवतात, म्हणजे एकूण १० चा फरक. खिडकीची मुदत इथे नियमानंच लिहून दिली आहे. या गुणाचा पुरेपूर वापर करायचा तर हत्ती आधी सीमेवर आणून उभे करायचे, युद्ध नंतर पुकारायचं. उलटं करणाऱ्याच्या १० पाळ्या चालण्यातच जातात.

आणि शहर जिंकलं की युद्ध संपतं का? चौथ्या भागात वाढत्या शहरांचा खर्च तिजोरी रिकामी करायचा, प्रजा युद्धाला विटायची. ‘राइझ अँड फॉल’नं निष्ठेचा नियम आणला: शत्रूच्या दाट वस्तीत एकटंच घेतलेलं शहर काही पाळ्यांत हातचं जातं. म्हणून शहरं घोळक्यानं घ्यावीत, शक्यतो सीमेकडून आत, आणि पहिलं पडताच तिथे गव्हर्नर बसवावा. राजधानी दिसली म्हणून थेट तिच्यावर झेप घेणाऱ्यांना हे पटत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या सातव्या भागात बढत्या तुकड्यांऐवजी सेनानायकाला मिळतात आणि तो अनेक तुकड्या सोबत घेऊन चालतो. पाचव्या भागापासूनची वाटेतली कोंडी त्यानं बरीच सुटली. युद्धाची वेळ मात्र अजून भिडूलाच ठरवावी लागते.

तेव्हा पुढचं युद्ध हराल तेव्हा शेवटच्या लढाईचं सेव्ह पुन्हा उघडू नका. युद्ध पुकारण्याच्या २० पाळ्या आधीचं उघडा, आणि तिजोरीत सोनं किती होतं ते आधी पाहा.