दोन पदव्या, एक सनद

माझी भाची नालासोपाऱ्याला राहते. बी.कॉम. झाली तशी एका संध्याकाळी पेढ्यांचा पुडा आणि एक छापील कागद घेऊन आमच्या वसईच्या घरी आली. "मामू, मी एलएल.बी. करणार आणि एमबीएसुद्धा. दोन्ही एकदम. यूजीसीची परवानगी आहे, हा बघा कागद." मी साधा बी.ए. झालेला माणूस, त्यात कवी. पण नात्यात कुणाकडेही छापील कागद आला की तो वाचायला माझ्याकडे येतो. चष्मा लावला आणि वाचला.

कायदा आणि व्यवसाय हे दोन विषय जोडीने का, असे मी तिला विचारले नाही. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यातल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशावरून पाडल्या गेल्या. आयुष्याची पुंजी घालून घेतलेली घरे लोकांनी डोळ्यांदेखत जाताना पाहिली. "विकणाऱ्याला हिशेबही कळत होता आणि कायदाही. घेणाऱ्याला दोन्हीतले एकही नाही," हे भाचीचे म्हणणे. तसे पाहिले तर आमच्या वसईला हा धडा जुनाच आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथेच करारावर सही केली. सहा हजारांची फौज पदरी ठेवून घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. समोरचा पक्ष होता एक व्यापारी कंपनी! कायदा आणि धंदा एकाच कागदावर कसे नांदतात, ते पेशव्यांना फार महागात कळले.

एकाच वेळी दोन अभ्यास करणाऱ्यांत आपल्याकडचे सर्वांत मोठे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१६ साली ते लंडनला गेले आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये, अशी दोन्हीकडे त्यांनी नावे घातली. हे जमले कसे? बुद्धी आणि कष्ट तर होतेच, पण व्यवस्थाही तशी होती. बॅरिस्टर होण्यासाठी त्या काळी रोज वर्गात बसावे लागत नसे. प्रत्येक सत्रात इनच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवायला हजर राहायचे, अभ्यास आपला आपण करायचा आणि परीक्षा द्यायच्या. म्हणजे कायद्याची हजेरी ताटावर लागत होती. दिवस अर्थशास्त्राला मोकळा राहत होता.

तरीही हा प्रवास सरळ झाला नाही. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली दोन्ही अभ्यास अर्ध्यावर टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. पुढे मुंबईत वकिली करताना बाटलीबॉय यांच्या अकाउन्टन्सी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. दोन्ही विद्या तिथे एका फळ्यावर आल्या होत्या.

आता भाचीच्या कागदाकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने १३ एप्रिल २०२२ रोजी दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला मुभा दिली. वर्गांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही पूर्णवेळ चालतील. किंवा एक वर्गात बसून आणि दुसरा दूरशिक्षणाने वा ऑनलाइन. किंवा दोन्ही घरबसल्या. भाचीने इथवर वाचून पेढे आणले होते. खाली मात्र आणखी एक वाक्य आहे: ज्या अभ्यासक्रमाला स्वतःची व्यावसायिक परिषद असेल, तिचेही नियम लागू राहतील. कायद्याची परिषद म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया. तिचे २००८ चे नियम सांगतात की, एलएल.बी.ला नाव घातलेल्याला त्याच काळात दुसऱ्या पदवीला नाव घालता येणार नाही. अपवाद थोडे आहेत. एकाच संस्थेतली जोडपदवी चालते, म्हणजे बारावीनंतरचा पाच वर्षांचा बीबीए-एलएल.बी.सारखा अभ्यासक्रम. भाषा किंवा संगणकाचा छोटा अर्धवेळ अभ्यासक्रम चालतो. आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम चालतो.

उलटे केले तर? कायदा घरबसल्या आणि एमबीए वर्गात? तेही नाही, कारण एलएल.बी. दूरशिक्षणाने घेता येत नाही. लंडनची गंमत इथे बरोबर उलटी झाली आहे. तिथे कायदा जेवणावर भागवत होता, इथे तोच बाकावर बसवून घेतो. आठवड्याला किमान ३० तास वर्ग आणि प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी, असे तेच नियम म्हणतात.

हे लपवून दोन कॉलेजांत नाव घालणारे भेटतात. "कोण बघतंय?" असा सल्लाही फुकट मिळतो. पण सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढले. अंतिम गुणपत्रक आणि पदवी हातात पडण्याआधी विद्यार्थ्याने दुसरा नियमित अभ्यासक्रम केला नाही हे लिहून द्यायचे, नोकरी करत असल्यास तेही सांगायचे. पदवी भिंतीवर लावता येते, पण काळा कोट घालायला सनद लागते, आणि जिची सुरुवातच खोट्या कागदाने झाली ती सनद काय कामाची, हे मी तिला जरा चढ्या आवाजातच सांगितले. पेढा तोंडात होता म्हणून ती गप्प राहिली.

हजेरीचा मला स्वतःचा अनुभव आहे. बी.ए. झाल्यावर मी वर्षभर मुंबईच्या एका कॉलेजात सकाळच्या लॉच्या वर्गाला जात होतो आणि दुपारी एका खासगी कचेरीत हिशेब लिहीत होतो. विरारच्या गाडीत करार कायद्याचे पुस्तक उघडायला कोपर हलवावे लागे, आणि कोपर हलवले की भांडण! वर्षअखेरीस हजेरी कमी भरली, नाव कटले. पुढे कविता लिहू लागलो. तिला हजेरी लागत नाही.

म्हणून भाचीसमोर मी पेन्सिलने हिशेब मांडला. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. जाऊन-येऊन, चालणे-थांबणे धरून रोजचे तीन-साडेतीन तास, म्हणजे आठवड्याचे वीस. त्यात वर्गाचे तीस मिळवा. एमबीएचे स्वाध्याय, रविवारची संपर्कसत्रे आणि प्रकल्प अजून मांडलेलेच नाहीत. एलएल.बी. घराजवळच्या कॉलेजात मिळाली तर ते वीस तास वाचतात, आणि तेच वीस तास म्हणजे तिची दुसरी पदवी. नावाजलेले कॉलेज की जवळचे कॉलेज, यात तिने जवळचे निवडावे असे माझे मत. तिच्या अब्बांचे वेगळे आहे. दुसरी अडचण परीक्षांची. दोन विद्यापीठे एकमेकांना विचारून वेळापत्रक लावत नाहीत. एका दिवशी दोन पेपर आले तर एक सोडावा लागतो, आणि एमबीएचा सोडायचा हे आधीच ठरवलेले बरे.

निघताना तिने एक प्रश्न काढला, तो मला सुचला नव्हता. "मामू, २००८ च्या नियमात दूरशिक्षण लिहिलंय. आता एमबीए ऑनलाइनही मिळतं. ते त्यात बसतं का?" मी म्हटले, माझ्यासारख्या कवीला विचारू नकोस, कॉलेजला लेखी विचार. परवा तिने अर्ज दिला. कारकून म्हणाला, ठेवून जा. तिने दुसरी प्रत पुढे केली आणि शिक्का मारून घेतला.